मेडल पेटीत आहे, नोंद कुठे आहे?

माजी सैनिकाच्या घरात डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारं त्याच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, सगळ्यात जपून ठेवलेलं असतं आणि सगळ्यात कमी वाचलेलं असतं. पेन्शन सुरू झाली, कँटीनचं कार्ड हातात पडलं, की ते पिशवीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाला जातं. पुढे कधीतरी मुलीच्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनसाठी ते बाहेर निघतं आणि पदकांच्या रकान्यात दोनच नावं सापडतात. भिंतीवरच्या फोटोत मात्र छातीवर पाच रिबनी असतात.

"जाऊ दे, आता काय करायचंय" असं म्हणून बहुतेक घरं ते पान मिटतात. मला हे पटत नाही. ही नोंद दुरुस्त करून घेतलीच पाहिजे. आणि ज्याने नोकरी केली तो माणूस सांगायला समोर बसलाय तोवरच घेतली पाहिजे, कारण कुठल्या महिन्यात कुठल्या पोस्टवर होतो हे त्याच्याशिवाय घरात कुणालाच ठाऊक नसतं.

आधी एक गोंधळ मिटवू. "मेडलची नोंद राहिली" या वाक्यात तीन वेगळी प्रकरणं असतात आणि तिन्हींचा रस्ता वेगळा आहे. मेडल मिळालं होतं पण हरवलं, तर तो दुसरी प्रत मागण्याचा अर्ज. मेडलला पात्र होता किंवा मेडल मिळालंही, पण कागदावर नोंद नाही, तर तो अभिलेख दुरुस्तीचा अर्ज. आणि "त्या लढाईत साहेबांनी शौर्यपदकासाठी नाव पाठवतो म्हटलं होतं, पुढे काही झालं नाही" हे तिसरं. तिसऱ्यात नोंद दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं, कारण पदक जाहीरच झालेलं नसतं. पहिल्या दोन प्रकारांच्या अर्जात तिसऱ्याची कैफियत मिसळली की अख्खा अर्ज अडकतो. मनातली खंत कितीही खरी असली तरी ती या पत्रात लिहू नका.

शौर्यपदक असेल तर नोंद नसण्याचा फटका थेट पैशात बसतो. 2017 मध्ये मासिक भत्त्याचे दर दुप्पट झाले: परमवीर चक्र 20,000 रुपये, अशोक चक्र 12,000, महावीर चक्र 10,000, कीर्ती चक्र 9,000, वीर चक्र 7,000, शौर्य चक्र 6,000 आणि सेना पदक (शौर्य) 2,000. पदकधारकामागे हा भत्ता पत्नीला मिळतो. सेना पदकाच्या बाबतीत कंसातला 'शौर्य' हा शब्द फार महत्त्वाचा, कारण तेच पदक विशिष्ट सेवेसाठीही दिलं जातं आणि त्याला भत्ता नाही. जुन्या नोंदीत नुसतं 'सेना पदक' लिहिलेलं असेल तर प्रशस्तिपत्राची प्रत जोडावी लागते, ती कशासाठी दिली हे त्यातूनच ठरतं.

मुलांच्या शिक्षणातल्या सवलतींसाठी जो प्राधान्यक्रम लावतात, त्यात शौर्यपदकधारकांची मुलं पाचव्या क्रमांकावर आणि इतर माजी सैनिकांची सहाव्या क्रमांकावर येतात. या पाचव्या क्रमांकात 'मेन्शन इन डिस्पॅचेस' (लष्करी अहवालात नावाचा गौरवाने उल्लेख) सुद्धा धरलं जातं. त्याला भत्ता नाही, वेगळं मेडलही नाही. फक्त कमळाच्या पानाचं छोटं चिन्ह त्या मोहिमेच्या मेडलच्या रिबनवर लावतात. म्हणून पुष्कळ घरांत ते मोजलंच जात नाही, आणि सहावा क्रमांक निमूटपणे स्वीकारला जातो. सेनाध्यक्षांचं प्रशंसापत्र मात्र यात येत नाही, ते वेगळं.

पण माझा खरा आग्रह सेवा पदकांबद्दल आहे, ज्यांना एक रुपयाही भत्ता नाही. सियाचिन ग्लेशियर, हाय अल्टिट्यूड, सैन्य सेवा, ऑपरेशन विजय, 1971 चे स्टार. ही पदकं म्हणजे माणूस कुठे होता याची सरकारने दिलेली पावती आहे. उंचावरच्या नोकरीने पुढे छातीचं किंवा पायाचं दुखणं मागे लागलं आणि दिव्यांगत्व पेन्शनचा दावा करायची वेळ आली, तर ही नोंद तुमच्या म्हणण्याला आधार देते. ती नसेल तर "तिथे होतात याचा पुरावा द्या" पासून सुरुवात.

इथे नेहमी सापडणारी एक चूक सांगतो. मोठ्या युद्धांची पदकं जोडीने येतात. 1965 साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. 1971 साठी पूर्वी किंवा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. मेडल व्यापक असतं, त्या काळात सेवेत असलेल्या पुष्कळांना मिळतं. स्टारसाठी प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असावं लागतं. म्हणून मेडलची नोंद सापडते आणि स्टारची राहून जाते. विशेषतः जो माणूस आपल्या पलटणीपासून तुटून दुसऱ्या युनिटला अटॅच होता त्याची: सिग्नलची तुकडी, गाडीचा ड्रायव्हर, तोफखान्याची निरीक्षण पार्टी. त्याच्या मूळ युनिटला वाटतं तिकडचे नाव पाठवतील, तिकडच्यांना वाटतं मूळ युनिट पाठवेल.

नोंद होते कशी, हे समजलं की ती कुठे सुटते तेही समजतं. युनिट 'पार्ट टू ऑर्डर' काढतं. त्यात जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक घडामोड येते: लग्न, मुलाचा जन्म, बढती, कोर्स, पदक. फौजी कागदात या प्रत्येक घडामोडीला 'कॅज्युल्टी' म्हणतात. घरच्यांनी तो शब्द वाचून घाबरू नये. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांची सेवेची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कार्यालयाला, जाते आणि तिच्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रकात, नोंद चढते. डिस्चार्ज बुक भरलं जातं ते या कागदांवरून. म्हणजे डिस्चार्ज बुकात पदक नसेल तर एक तर ऑर्डर निघालीच नाही, किंवा निघाली पण चढली नाही, किंवा शीट रोलवर चढली आणि बुक भरताना कारकुनाकडून सुटली. तिसरा प्रकार सगळ्यात सोपा, पहिला सगळ्यात किचकट. आपला प्रकार कोणता हे कळल्याशिवाय नुसतं "दुरुस्ती करावी ही विनंती" लिहून पाठवण्यात वर्षं जातात.

ऑर्डर न निघण्याचं मोठं कारण म्हणजे तारखा. युद्ध आधी होतं, पदक नंतर स्थापन होतं, याद्या त्याहून नंतर बनतात. तोवर माणूस पेन्शनीला आलेला असतो आणि युनिटच्या पटावर त्याचं नावच नसतं. सत्तरच्या दशकातले रिझर्व्हिस्ट, म्हणजे नोकरी संपल्यावर राखीव ठेवलेले जवान, यात फार सापडतात. राष्ट्रीय रायफल्सवर डेप्युटेशनला गेलेल्यांचंही तेच: नोकरी एका युनिटात, कागद दुसऱ्या रेजिमेंटकडे.

दुसरं कारण नंबर आणि नाव. हवालदाराचा नायब सुभेदार झाला की त्याचा नंबर बदलतो, पुढे 'जेसी' (ज्युनियर कमिशन्ड) लागून नवा येतो. बढतीच्या आसपास निघालेली ऑर्डर जुन्या नंबरावर राहून जाऊ शकते. आणि मराठी नावांचे इंग्रजीतले हाल काय सांगावेत! एकट्या ज्ञानेश्वरची सुरुवात कुणी डीएनवाय करतो, कुणी डीवाय, कुणी जीवाय. पदकांच्या यादीत एक, शीट रोलवर दुसरं, आधार कार्डावर तिसरं.

आता कामाचं. सगळ्यात आधी मेडल हातात घ्या आणि त्याची कड बघा. दर्शनी बाजू नव्हे, जाडीची कड. खिडकीपाशी नेऊन भिंगातून हळूहळू फिरवलं की बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात: नंबर, हुद्दा, नाव. हा तुमच्याकडचा पहिला पुरावा आहे. कोऱ्या कडेचं मेडल मात्र पुरावा धरू नका, तशी दुकानात विकत मिळतात. कडेचे चारी बाजूंनी स्वच्छ फोटो काढा. मेडल पॉलिशने घासू नका, अक्षरं झिजतात.

मग त्या माणसाला समोर बसवून एक साधा तक्ता करा. कुठल्या वर्षी कुठलं युनिट, कुठली कंपनी, कुठलं ठिकाण, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, मध्ये रजा किंवा हॉस्पिटल किती. नेमकी तारीख आठवत नसेल तर "दिवाळीनंतर गेलो, बर्फ वितळल्यावर उतरलो" हेसुद्धा लिहून घ्या. डिस्चार्ज बुकातल्या कोर्स आणि रजेच्या नोंदींशी ते जुळवता येतं. सेवा पदकं दिवसांवर आणि क्षेत्रावर मिळतात, त्यामुळे अर्जाचा कणा हाच तक्ता. एक बारकावा: एकाच सेवा पदकावर वेगवेगळ्या क्षेत्रांच्या पट्ट्या, म्हणजे क्लॅस्प, असतात. राहिलंय ते मेडल की क्लॅस्प, हे नेमकं लिहा.

अर्ज जातो आपल्या आर्मच्या, म्हणजे रेजिमेंटच्या किंवा दलाच्या, रेकॉर्ड ऑफिसला, शेवटच्या युनिटला नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, गार्ड्सचं कामठीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नलचं जबलपूरला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) पुन्हा भरती झालेल्यांची दुसऱ्या नोकरीची कागदपत्रं कण्णूरला असतात. पदक पहिल्या नोकरीतलं असेल तर जुन्याच रेकॉर्डला लिहायचं.

पत्र एका पानाचं पुरे. नंबर, हुद्दा, डिस्चार्ज बुकात आहे तसंच्या तसं नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, पदकाचं पूर्ण नाव, कशाच्या आधारावर मागताय ते, जोडलेल्या कागदांची यादी. नावात फरक असेल तर तो स्वतःहून सांगा, लपवू नका. छायाप्रती साक्षांकित करून जोडा. मूळ डिस्चार्ज बुक कुणी लेखी मागितल्याशिवाय पाठवू नका, आणि मागितलंच तर प्रत्येक पान स्कॅन केल्याशिवाय पाठवू नका. पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि त्याचीच एक प्रत स्पीड पोस्टने थेट रेकॉर्डला. पोचपावती फाइलला लावा.

आणि कृपा करून, कुणीतरी "मी लिहून देतो" म्हणाला म्हणून डिस्चार्ज बुकात पेनाने नाव घालू नका. शाई वेगळी, अक्षर वेगळं, सही नाही. मग खरी असलेली बाकीची पानंही संशयात येतात.

शौर्यपदकासाठी पुरावा शोधणं तुलनेने सोपं, कारण ते भारताच्या राजपत्रात छापून येतं आणि संरक्षण मंत्रालयाच्या गॅलंट्री अवॉर्ड्स या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. राजपत्राचं ते पान जोडलं की "तुमचं पदक आहे का?" हा प्रश्नच उरत नाही, फक्त चढवण्याचं काम उरतं.

महिना-दीड महिन्यात उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार वापरा. फी 10 रुपये, प्रतींना पानाला 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "माझं मेडल का दिलं नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. कागद मागा: माझ्या शीट रोलची प्रत, अमुक ते अमुक काळातल्या माझ्या नावाच्या पार्ट टू ऑर्डर्सच्या प्रती, अमुक पदकाच्या यादीतील माझ्या नंबराची नोंद. या तीन कागदांवरून नोंद सुटण्याच्या वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी (ऑर्डर निघाली नाही, चढली नाही, बुकात सुटली) तुमचा कोणता ते लगेच कळतं. उत्तर नाकारलं तर पहिलं अपील 30 दिवसांत.

सगळ्यात जड उत्तर असतं, "कागदपत्रं नियमानुसार नष्ट केली आहेत." पेन्शन नसलेल्यांचे सेवा अभिलेख 25 वर्षांनंतर नष्ट करायची तरतूद आहे. तिथे थांबू नका. लाँग रोल नावाची नोंदवही उरलेली असते, तिचा उतारा मागा. पदकांच्या याद्या मागा. युनिट त्या काळात कुठे होतं यासाठी वॉर डायरी (युनिटची युद्धकाळातली रोजनिशी) आणि संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आहे. सोबतच्या ज्या जवानाच्या बुकात तेच पदक, तेच युनिट, त्याच तारखा आहेत, त्याच्या संमतीने त्या पानाची प्रत जोडा. साथीदाराचं प्रतिज्ञापत्र एकटं कमी पडतं, पण या प्रतीबरोबर चांगलं उभं राहतं.

लेखी नकार आला तर सहा महिन्यांच्या आत सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येतं, महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. अर्ज देऊन सहा महिने काहीच उत्तर नसेल तरी दार उघडतं, त्यानंतरच्या सहा महिन्यांत. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा वेगळा अर्ज आणि कारण द्यावं लागतं. म्हणूनच पोचपावत्या.

ऐंशी वर्षांच्या माणसाने आपण लढलो हे सिद्ध करत पत्रं लिहीत बसावं, हे मला बरोबर वाटत नाही. युनिटच्या पदक याद्या आणि पेन्शनरांची यादी दोन्ही सरकारकडेच आहेत. त्या नंबराने एकदा ताडून पाहिल्या आणि स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर प्रत्येकाला त्याच्या पदकांचं पान दिसू लागलं, तर निम्मे अर्ज करावेच लागणार नाहीत. ही मागणी माजी सैनिक संघटनांनी पेन्शनच्या मागण्यांइतक्याच जोराने लावून धरावी.

दुरुस्तीचं पत्र आलं की ते फ्रेम करण्याआधी नीट वाचा. पदकाचं नाव, क्लॅस्प, नंबर, नावाचं स्पेलिंग, ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख. यात चूक राहिली तर पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागतं. शौर्यपदक असेल तर काम अजून अर्धंच झालंय: भत्त्यासाठी रेकॉर्डकडून प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शनला, म्हणजे पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयाला, प्रकरण जावं लागतं आणि सुधारित पीपीओ निघावा लागतो. तो निघेपर्यंत दर महिन्याला स्पर्शवरची पेन्शन स्लिप उघडून भत्त्याची वेगळी ओळ आली का, ते बघत राहा. आणि त्याच बसण्यात पत्नीचं नाव आणि जन्मतारीख पीपीओवर बरोबर आहे का तेही तपासा, कारण पुढे तो भत्ता त्याच नावावर जाणार आहे.