तिन्ही कंपन्यांचे हात वर, मग मधली वायर कुणाची?

टीव्ही, होम थिएटर आणि केबलचा सेट टॉप बॉक्स. तीन डबे एकमेकांना जोडायचे आणि चित्र नि आवाज एकाच वेळी बाहेर यावा, एवढी माफक अपेक्षा. पण नाही! चित्र आलं तर आवाज नाही. आवाज आलाच तर टीव्हीच्या त्या किरट्या स्पीकरमधून, आणि एवढे पैसे घालून आणलेलं होम थिएटर कोपऱ्यात निळा लाईट लावून गप्प.

विकताना काय गोड बोलतात! कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शोरूममधला सेल्समन म्हणाला, "साहेब, एक वायर टाकायची, विषय संपला. रिमोट पण एकच." विषय संपला म्हणे. घरी फिटिंगला आलेल्या पोराचं काम फक्त टीव्ही भिंतीला टांगायचं. भिंतीला भोकं पाडली, भुसा आमच्या सोफ्यावर सांडला, टीव्ही टांगला आणि "हितं सही करा." होम थिएटरचं विचारलं तर, "ते आमच्यात येत न्हाई ओ." मग कुणाच्यात येतं बाबा?

आता त्या एका वायरीचं ऐका. टीव्हीच्या मागं एचडीएमआयचे, म्हणजे चित्र नि आवाज एकाच वायरीतनं नेणारे, तीन पोर्ट. दिसायला तिन्ही सारखे, प्रत्येकी १९ पिना. पण त्यातल्या एकाच पोर्टातनं टीव्हीचा आवाज माघारी फिरून होम थिएटरला जातो. त्याला म्हणायचं एआरसी, ऑडिओ रिटर्न चॅनेल. वायर दुसऱ्या कुठल्या पोर्टात घातली तर दिवसभर बसा रिमोट दाबत. बरं, ही काही काल-परवाची गोष्ट नव्हे, २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आलीय. एवढ्या वर्षांत ते नाव पोर्टाशेजारी नीट, ठळक छापायला कुणाचा हात धरला होता? काळ्या प्लॅस्टिकवर काळीच उठावाची अक्षरं! आणि टीव्ही भिंतीपासून जेमतेम दोन बोटं पुढं. गाल भिंतीला चिकटवायचा, मोबाईलचा टॉर्च दातात धरायचा आणि आंधळ्यागत बोटानं चाचपत बसायचं. वरनं ती एचडीएमआयची वायर इतकी ताठ, की पोर्टात शिरायच्या आधी भिंतीला धडकून वाकडी होते. जोर लावावा तर पोर्ट तुटायची भीती, न लावावा तर अर्धवट बसणार. दाताखाली मोबाईलचं कव्हर, नाकात भिंतीचा चुना, आणि मागनं आई विचारतेय, "झालं का रं? मालिका सुरू झाली बघ."

वायर बसली. आवाज? नाही. कारण अजून सेटिंग राहिलं. सीईसी नावाची एक भानगड असते, डब्यांनी एकमेकांना हुकूम सोडायची सोय, ती चालू केल्याशिवाय बऱ्याच टीव्हींवर एआरसी चालतच नाही. आणि मेनूत ती सीईसी या नावानं सापडेल तर शपथ! सॅमसंगवाले तिला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीवाले सिम्पलिंक, सोनीवाले ब्राव्हिया सिंक. एकाच कामाला प्रत्येकाचं वेगळं बारसं. साध्या माणसानं काय शोधायचं, कुठं शोधायचं? ते सापडलं की पुढं 'साउंड आउटपुट'मध्ये जाऊन टीव्ही स्पीकर काढून दुसरं काहीतरी निवडायचं. हे डबा उघडल्यावर पहिल्याच कागदावर मराठीत, चित्र काढून सांगायला काय जातं? कागद असतोच म्हणा डब्यात. घडी उलगडली की टेबलभर होतो, आणि त्यात टीव्ही पाण्यात बुडवू नका हे सगळ्यात आधी लिहिलेलं असतं.

सीईसी चालू केल्यावर तर वेगळाच तमाशा. आता तिन्ही डबे एकमेकांना हुकूम सोडायला लागले. बॉक्स चालू केला की टीव्ही आपोआप इनपुट बदलणार. होम थिएटर बंद केलं की टीव्ही पण बंद. परवा आमच्या पोरानं अभ्यासाला बसताना होम थिएटर बंद केलं, तर आईचा टीव्ही गप्पकन गेला. "लाईट गेली का रं?" डोक्यावर पंखा गरगर फिरतोय आणि ती विचारतेय लाईट गेली का. काय सांगायचं तिला? आई, त्यांची आपापसात बोलणी झालीत?

मग होम थिएटरच्या कस्टमर केअरनं अक्कल दिली: एआरसी सोडा, ऑप्टिकल टाका. घेतली ऑप्टिकल वायर. त्यातनं लाल उजेड जातो आणि उजेडातनं आवाज. शास्त्र झकास आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ऑप्टिकलला आवाज कमी-जास्त करायची अक्कल नाही. ती फक्त आवाज वाहून नेते, हुकूम नेत नाही. म्हणजे टीव्हीचा रिमोट व्हॉल्यूमला निरुपयोगी, आणि टेबलावर तिसरा रिमोट आला. पुढं आणखी आहे. टीव्हीतल्या ॲपचा आवाज बऱ्याचदा डॉल्बी डिजिटल प्लस नावाच्या नव्या पद्धतीत येतो, तो ऑप्टिकलमधनं तसाच्या तसा जात नाही. टीव्हीनं तो साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून पाठवला तर ठीक, नाहीतर शुकशुकाट. मग केअरवाली म्हणते, "सर, पीसीएम करा." म्हणजे आवाज न दाबता साध्या रूपात पाठवायचा. केलं. आवाज आला! पण पीसीएम ऑप्टिकलमधनं दोनच चॅनेलचा जातो. मागचे दोन स्पीकर, ज्यांच्या वायरी मी सोफ्याखालनं, कार्पेटखालनं ओढून नेल्या, ते आता फुलदाणी ठेवायच्या कामाचे.

केबलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, चित्र येतंय न्हवं? मग आमचं काम झालं. ते तुमच्या टीव्हीत हाय." टीव्हीवाले म्हणतात बॉक्सचा आउटपुट तपासा. होम थिएटरवाले म्हणतात ओरिजिनल केबल वापरून बघा. आणि केबल आणायला दुकानात गेलो तर काउंटरवरच्यानं सोन्याचा मुलामा दिलेली, जाळीदार वेष्टनाची, दोन हजाराची वायर पुढं सरकवली. "यानं आवाजात फरक पडतोय बघा." अरे कसला फरक पडतोय? डिजिटल सिग्नल आहे तो. पोचला तर पूर्ण पोचतो, नाहीतर चित्रात ठिपके चमकतात, आवाज तुटतो, स्क्रीन काळी पडते. मधुर-बिधुर होत नाही. टीव्हीपासून होम थिएटरपर्यंतच्या दीड मीटरला साधी हाय स्पीड वायर पुरते. पण सोनं म्हटलं की गिऱ्हाईक फसतं, आणि गुजरीसारखा सोन्याचा बाजार असलेल्या आमच्या गावात हे कुणाला सांगायला नको.

पैसे घ्यायची वेळ आली की मात्र सगळं कसं काटेकोर! २०१९ ला ट्रायची, म्हणजे केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी दरपद्धत आली, तेव्हा १०० चॅनेलना महिन्याला १३० रुपयांपर्यंत, वर टॅक्स, आणि एक एचडी चॅनेल म्हणजे दोन साधे एसडी मोजायचे, इथपर्यंत नियम बारीक. त्या एचडीचा आवाज माझ्या स्पीकरपर्यंत पोचवायचा कुणी, हा नियम कुठं आहे?

शेवटी वैतागून मी बॉक्सचा आवाज थेट होम थिएटरला जोडला, लाल-पांढऱ्या जुन्या वायरीनं, आणि चित्र टीव्हीला. आवाज दणदणीत! आणि त्याच दिवशी लोकल चॅनेलवर शाहू स्टेडियमवरची पाटाकडील-दिलबहार फुटबॉल मॅच. नाद खुळा म्हणत घरात चार दोस्त जमले. तर किक बसायच्या आधी किकचा आवाज! रेफ्रीच्या तोंडात शिट्टी जायच्या आधी शिट्टी वाजतेय. कारण टीव्ही चित्र सुंदर करत बसतो, रंग चढवतो, हालचाल गुळगुळीत करतो, त्यात त्याचा वेळ जातो, आणि थेट गेलेला आवाज तोवर पुढं निघून जातो. एक दोस्त म्हणाला, "लेका, तुझ्यापेक्षा माझ्या मोबाईलवर बरं दिसतंय." घरात येऊन, माझा चहा पिऊन!

यावर उपाय आहे. होम थिएटरमध्ये आवाज मागं ओढायचं सेटिंग असतं, मिलिसेकंदात. ते बॉक्ससाठी जुळवलं की टीव्हीतल्या ॲपचं बिघडतं, कारण त्यांचा आवाज वेगळ्या वाटेनं येतो. म्हणजे मालिका एका आकड्यावर आणि सिनेमा दुसऱ्या. आई सत्तरीची आहे. तिला मी मिलिसेकंद शिकवू?

आणि हे सगळं एकदा जुळलं म्हणजे जुळलं, असं पण नाही. वळवाचा पाऊस आला, ढग गडगडले, लाईट जाऊन आली, की परत इस्कोट. तिन्ही डबे एकदम चालू होतात, बॉक्स आळसावत उठतो, तोवर टीव्ही 'नो सिग्नल' दाखवून मोकळा, आणि आवाज परत टीव्हीच्या स्पीकरवर. मग आधी टीव्ही, मग होम थिएटर, शेवटी बॉक्स, अशा क्रमानं चालू करायचं. ही पूजा आमच्या घरात मी सोडून कुणालाच येत नाही. मी ऑफिसात असलो की फोन येतो, आणि बॉससमोर मी हळू आवाजात सांगत असतो, "आई, हिरवं बटण. हिरवं. नाही, दुसऱ्या रिमोटचं."

एकदा तरी वाटलंय की तिन्ही डबे पिशवीत भरावेत आणि रंकाळ्यात सोडून यावं. पण हप्ते चालू आहेत अजून.

म्हणून आता जे कुणी दसऱ्याला नवा टीव्ही घ्यायच्या विचारात असतील त्यांनी लाजू नका. घरातला बॉक्स, रिमोट आणि होम थिएटर पिशवीत घालून शोरूममध्ये न्या. जोडायची वायर तिथं असतेच. त्या सेल्समनला म्हणायचं, एक वायर म्हणतोस न्हवं? मग लाव हितंच, माझ्या बॉक्सला, आणि टीव्हीच्या रिमोटनं आवाज वाढवून दाखव. त्यानं "ते घरी आमचा माणूस येऊन करतोय" म्हटलं, की पिशवी उचलायची आणि शेजारच्या दुकानात जायचं.