घरबसल्या शिकायला मी घराबाहेर पडते

नोकरी करून, घर बघून ऑनलाइन एमए होतं का, असं बऱ्याच जणी इनबॉक्समध्ये विचारतात. होतं. पण घरी बसून होत नाही. निदान माझ्या घरी तरी नाही.

मी गंगाखेडला एका पतसंस्थेत हिशोब बघते. बीकॉम झालं, लग्न झालं, दोन लेकरं झाली आणि आता अर्थशास्त्रात एमए चाललंय. पूर्वी एमए करायचं म्हणजे परभणी नाहीतर नांदेड गाठायचं. घरातले डबे भरून दहाच्या ठोक्याला काउंटरवर बसणाऱ्या बाईला ते कसं जमणार? ऑनलाइनमुळे ती सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पदवी कमी दर्जाची असते असंही कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2022 मध्ये जाहीर केलंय. फक्त प्रवेशाआधी यूजीसीच्या डीईबी (दूरशिक्षण विभागाच्या) पोर्टलवर विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव स्वतः बघा. ‘एका वर्षात पदवी, परीक्षेची काळजी आमची’ म्हणणाऱ्या एजंटाच्या चहालासुद्धा थांबू नका.

आता हिशोब. (कारकुनी सवय, जात नाही.) इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) सरळ छापून सांगतं की एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. एमए 80 क्रेडिटचं धरा. झाले 2400 तास. दोन वर्षांत बसवायचे तर आठवड्याला 23 तास, म्हणजे सणवार, पाहुणे, लेकरांचा ताप सगळं धरून रोजचे सव्वातीन तास. अर्धी नोकरीच की ही! जाहिरातीतली बाई मांडीवर लेकरू आणि समोर लॅपटॉप घेऊन हसत असते, तिला हा आकडा कुणी सांगितलेला दिसत नाही.

हे तास येणार कुठून? एक तर झोपेतून काढायचे, नाहीतर आपल्या वाट्याचं काम दुसऱ्या कुणीतरी उचलायचं. ‘वेळेचं नियोजन करा’ सांगणाऱ्यांचा मला राग येतो तो म्हणूनच. नियोजनानं पोळ्या लाटून होत नाहीत. त्या कुणालातरी लाटाव्याच लागतात.

आमचं गाव जनाबाईचं. त्यामुळं इथं एक टोमणा तयारच असतो: जनाबाईला कुठं वेगळी खोली होती? दळता दळता अभंग रचले की तिनं! मी म्हणते, बरोबर आहे. पण जनाबाईसंगं दळायला खुद्द पांडुरंग बसायचा, हे कसं विसरता? माझ्याकडं कणीक मळायला कोण येतंय ते सांगा, मग मीही बघते अभंगाचं.

घरी काय व्हायचं ते सांगते. कानात इयरफोन, समोर लेक्चर, विषय मागणीची लवचिकता. तेवढ्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ‘घरीच तर हायस, जरा दळण टाकून ये.’ धाकटा येऊन सांगणार, ‘आई, तू बी मोबाइलच बघतीस की.’ नळाला पाणी यायचा दिवस असला तर लेक्चर गेलंच. यात वाईट कुणीच नाही. आत्याबाईंनी माझी दोन्ही बाळंतपणं निभावलीत. पण मोबाइल हातात असलेली बाई आपल्याकडं रिकामीच समजतात. तीच बाई पर्स घेऊन उंबरा ओलांडून गेली की ‘कामावर गेली’, मग तिला दळणासाठी कुणी फोन करत नाही.

म्हणून मी अभ्यासिकेत खुर्ची घेतली. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, गल्लीबोळात अभ्यासिका आहेत. प्लायवूडचे कप्पे, चार्जिंगचा पॉइंट, वायफाय, भिंतीवर ‘कृपया शांतता राखा’ आणि त्याखालीच कुणीतरी पेन्सिलनं काढलेलं बदाम. पोरं-पोरी एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती करणारी. मला आधी मालकाची नातेवाईक समजून उठून उभी राहायची. आता ताई म्हणतात. असाइनमेंट हातानं लिहून, फोटो काढून, पीडीएफ लहान करून चढवायची कला मला शिकवली ती भरतीवाल्या एका पोरानं. बदल्यात मी त्याला चक्रवाढ व्याज शिकवलं.

संध्याकाळी सहा ते साडेसात एवढंच बसते. तेवढ्या वेळात वरण-भात आणि लेकरांचा गृहपाठ नवऱ्याकडं. सुरुवातीला वरणाला फोडणी नसायची, आता असते. शेजारपाजारी चर्चा झाली, अजूनही होते: कामावरून आली की परत पर्स घेऊन निघती कुठं? होऊ दे. आत्याबाईच आता परस्पर उत्तर देतात, ‘क्लासला जाती ती.’ क्लास नाही तो, पण मी दुरुस्त करत नाही.

दीड तासात दोन वर्षांचं एमए होत नाही, हे वरच्या हिशोबातच दिसतंय. म्हणून मी ते चार वर्षांत करणार आहे. बऱ्याच ठिकाणी तेवढी कमाल मुदत असतेच, ती वापरायला लोक लाजतात. चार वर्षांवर पसरले की तेच 2400 तास दिवसाला पावणेदोनच्या आत येतात. राहिलेली कसर रविवारी निघते. सोबतच्या मुली पुढं गेल्या, म्हणून रात्री एकपर्यंत जागून सकाळी काउंटरवर रोख मोजताना चुकायचं? ती तूट पगारातून भरावी लागते, बाई!

माझं खरं भांडण वेळापत्रकाशी आहे. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा जून आणि डिसेंबरात. जूनमध्ये मृग लागतो, पेरणीची गडबड, बी-बियाणाला पैसे हवेत म्हणून पतसंस्थेत रांग आणि त्यातच शाळा उघडतात. त्या परीक्षेच्या असाइनमेंट मागतात मार्चअखेरीला, जेव्हा हिशोबाच्या खात्यातल्या माणसाला जेवायलाही सवड नसते. मुदतवाढ बहुधा मिळते, पण मिळेल या भरवशावर कोण बसणार? बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून. शिकणाऱ्याचं पोट कशावर चालतं हे आधी बघितलं आणि मग घड्याळ लावलं. आज हातात एवढं तंत्रज्ञान असताना वर्षातून आणखी एखादी परीक्षा घेणं फार अवघड आहे का? निदान आमच्या पतसंस्थेसारख्या संस्थांनी परीक्षेपुरती रजा तरी कुरकुर न करता द्यावी.

आणि खुर्चीचं भाडं. अभ्यासिकेचा दर दिवसभर बसणाऱ्या पोरांच्या हिशोबानं असतो. मी दीड तास बसते आणि पैसे पूर्ण महिन्याचे देते. मालकाला म्हटलं, बायकांसाठी संध्याकाळचा वेगळा दर लाव, एकाच खुर्चीवर दिवसात तिघी बसतील. तो म्हणाला, दहा जणी आणा, कोपऱ्यातली खोली देतो. सात झाल्यात: दोन अंगणवाडीच्या, एक नर्स, एक एलआयसीवाली, दोन शिक्षिका आणि मी. गंगाखेडात अजून कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा. दळण येताना टाकून या, गिरणी रस्त्यातच आहे.