दगडाच्या लंबकावरील आक्षेपांना उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

दगड आणि दोऱ्याच्या लंबकावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : नाल्यातला दगड बारदाना शिवण्याच्या दोऱ्याला बांधून केलेल्या प्रयोगात आपल्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याला गुरुत्व त्वरणाचे (पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो त्याचे) मूल्य 9.8 च्या ऐवजी 9.4 मीटर प्रति सेकंदवर्ग मिळाले, असे उत्तर जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, लिहिल्यास परीक्षक गुण कापतात, आणि साहित्य नसलेल्या खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयांनी असल्या जुगाडापेक्षा संगणकावरील आभासी प्रयोग दाखवावेत. शिवाय स्टॉपवॉचबद्दलचे माझे विधान आपण खोडून काढले आहे. ते विधान खरोखरच चुकले होते, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

मोबाइलच्या घड्याळात सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो, तेव्हा वेळही तितक्या अचूकपणे मोजता येते, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात बटण दाबणारे बोट 0.2 सेकंद तरी मागेपुढे होते. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या 20 दोलनांना सुमारे 40 सेकंद लागतात, त्यात 0.2 सेकंदांची चूक म्हणजे अर्धा टक्का, आणि गुरुत्व त्वरणाच्या सूत्रात दोलनकालाचा, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग येत असल्यामुळे उत्तरात एक टक्का, म्हणजे सुमारे 0.1. मात्र आपल्या विद्यार्थ्याचे उत्तर चार टक्क्यांनी कमी आहे. तेवढा दोष बोटाच्या माथी मारता येत नाही.

मला दोन शक्यता दिसतात. पहिली लांबीची. विद्यार्थी दोरा गाठीपर्यंत मोजतो, पण सूत्राला हवी असलेली लांबी दगडाच्या गुरुत्वमध्यापर्यंतची असते, आणि ओबडधोबड दगडात तो मध्य कुठे आहे हे बाहेरून कळत नाही. गाठीपर्यंत 80 सेंटीमीटर मोजले आणि मध्य त्याखाली 3 सेंटीमीटरवर असला, तर उत्तर 9.43 येते. दुसरी शक्यता अशी की दगड फार लांब ओढून सोडला असेल. तो 30 अंशांवरून सोडल्यास दोलनकाल सुमारे 1.7 टक्क्यांनी वाढतो आणि उत्तर पुन्हा 9.45 च्या आसपास येते. यांपैकी नेमके काय घडले, हे एकाच लांबीवरच्या रीडिंगवरून मला किंवा आपल्याला सांगता येणार नाही, परंतु त्या विद्यार्थ्याला ते शोधून काढता येईल. दाराच्या चौकटीला तोच दगड 60, 80, 100, 120 आणि 140 सेंटीमीटर दोऱ्यावर टांगून दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला की लांबीच्या चुकीत रेषेचा चढ बरोबर, म्हणजे दर मीटरला सुमारे 4.03 सेकंदवर्ग, येतो; पण रेषा शून्यातून न जाता लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे 3 सेंटीमीटरवर छेदते. कोनाची चूक असेल तर रेषा शून्यातूनच जाते आणि चढ वाढलेला दिसतो. दगडाऐवजी प्रयोगशाळेतल्या पितळी गोळ्यासोबत त्याचा व्यास कागदावर लिहून दिला की ही सगळी मजा निघून जाते, असे माझे मत आहे.

आता गुणांविषयी. शंभरांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि गावाकडच्या मुलांना ते सोडून चालत नाही, हे मी नाकारत नाही. पण 9.81 हा पुस्तकी आकडा गाठण्यासाठी मुले उत्तरावरून उलटे गणित करून निरीक्षणे भरतात, हे आपणही पाहिले असेल. गंमत म्हणजे तो आकडा आपला नाहीच. विषुववृत्तापासून 20–21 अंशांवरच्या आपल्या भागात खरे मूल्य 9.785 च्या जवळपास आहे. दगडाच्या लंबकाने हा फरक कळणार नाही, आणि म्हणूनच 9.7, अधिक-उणे 0.1, असे लिहिणारा विद्यार्थी नेमके 9.81 लिहिणाऱ्यापेक्षा मला प्रामाणिक वाटतो.

अनुनाद नळीचेही, म्हणजे नळीतल्या हवेत आवाज कोणत्या लांबीला घुमतो ते पाहून ध्वनीचा वेग काढण्याच्या प्रयोगाचेही, तसेच. खोलीचे तापमान 27 अंश असे वर्षानुवर्षे प्रत्येक जर्नलमध्ये उतरवलेले मी पाहिले आहे, मग बाहेर थंडी असो की ऊन. आम्ही हा प्रयोग मुद्दाम दोनदा करतो : कापूस वेचणीच्या दिवसांत, डिसेंबरच्या सकाळी खोलीत 16 अंश असताना, आणि मार्चच्या दुपारी 36 अंशांना. हवेतील ध्वनीचा वेग 341 वरून 352 मीटर प्रति सेकंदांच्या थोडा वर जातो. 512 हर्ट्झच्या नादकाट्यासाठी (ठोकल्यावर ठरावीक सूर देणाऱ्या धातूच्या दुबेळक्यासाठी) पहिल्या आणि दुसऱ्या अनुनादातील, म्हणजे आवाज घुमण्याच्या दोन जागांमधील, अंतर 33.3 वरून 34.4 सेंटीमीटर होते. हा एक सेंटीमीटर साध्या मीटरपट्टीवर दिसतो. एकदा तो दिसला की मुलगी थर्मामीटर न पाहता तापमान लिहीत नाही.

आभासी प्रयोगांना माझा सरसकट विरोध नाही. आमच्याकडे प्रकाशाच्या प्रयोगांसाठी लागणारा सोडिअमचा दिवा पुरता उजळण्याआधीच अनेकदा वीज जाते, तिथे त्यांचा आधार घ्यावाच लागतो. लंबकाला मात्र ना वीज लागते ना निधी.

आपल्या त्या विद्यार्थ्याकडे तो दगड अजून असेल, तर दगडाची गाठ न सोडता दोरा फक्त वरच्या टोकाकडून कमी-जास्त करायला सांगावे. खालची गाठ बदलली की मध्यापर्यंतचे अंतर बदलते आणि पाचही निरीक्षणे एका रेषेत बसत नाहीत. त्याचा आलेख पाहायला मला आवडेल.