फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावू नका

काल रात्री भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, माझ्या लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, हे करून बघू का?" त्या मेसेजमध्ये पाच घरगुती उपाय आहेत. बॅटरी फुगली (टचपॅड वर येतो तो बहुतेकदा त्यामुळेच) तर ती पूर्ण उतरू द्या, टाचणीने भोक पाडून ‘हवा’ काढा आणि टेप लावा. चार्ज टिकत नसेल तर बॅटरी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. लॅपटॉप सुरूच होत नसेल तर मदरबोर्ड ओव्हनमध्ये भाजा. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या थर्मल पेस्टऐवजी टूथपेस्ट लावा. पिन बसते तो कुठलाही चार्जर चालतो. शेवटी, ‘कंपन्या तुम्हाला मुद्दाम घाबरवतात.’

भाच्याला लगेच फोन करून थांबवलं. पण हाच मेसेज आणखी कितीजणांच्या फोनवर असेल, या विचाराने राग आवरत नाहीये.

टाचणीचा उपाय सगळ्यात भयंकर आहे, म्हणून आधी तोच. फुगलेल्या बॅटरीत हवा नसतेच. आतलं इलेक्ट्रोलाइट हे ज्वालाग्राही द्रावण. ते विघटित होऊन त्याचा वायू तयार होतो, आणि त्या वायूतले काही घटकही पेट घेणारे असतात. चांदीसारख्या दिसणाऱ्या त्या पाकिटात तांब्याचा आणि अॅल्युमिनियमचा पत्रा एकाआड एक रचलेला असतो. दोन्हींच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक पापुद्रा, साधारण २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहूनही कितीतरी पातळ. टाचणी हा पापुद्रा भेदते आणि दोन्ही पत्रे एकमेकांना जोडते. तिथे शॉर्टसर्किट होतं, उष्णतेने आजूबाजूचा पापुद्रा वितळतो, शॉर्टसर्किट पसरतं, आणि एक सेल, म्हणजे बॅटरीतला एक घटक, पेटला की शेजारचेही पेटू शकतात. प्रयोगशाळेत बॅटरी किती सुरक्षित आहे हे पाहण्यासाठी तिच्यात मुद्दाम खिळा घुसवतात. तीच चाचणी हा मेसेज तुम्हाला घरातल्या टेबलावर करायला सांगतोय!

‘पूर्ण उतरू द्या’ या सल्ल्यानेही काही साधत नाही. स्क्रीनवर शून्य टक्के दिसलं तरी सेलमध्ये साधारण ३ व्होल्ट शिल्लक असतात, कारण त्याहून फार खाली गेला तर सेलच खराब होतो, म्हणून बॅटरीतलं संरक्षक सर्किट आधीच पुरवठा तोडतं. आणि समजा भोक पाडल्यावर लगेच काही झालं नाही, तरी हवेतला ओलावा आत शिरतो. इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियमच्या क्षाराशी त्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. टेपने ते पाकीट पुन्हा सीलबंद होत नाही.

कुणाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर २००६ साल आठवा. त्या ऑगस्टमध्ये डेलने सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. सेल सोनीचे होते. कारखान्यात सेल बनवताना आत धातूचे सूक्ष्म कण राहिले होते आणि त्यांच्यामुळे आत शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता. त्याच महिन्यात अॅपलनेही सोनीचे सेल असलेल्या सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत बोलावल्या. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा कणांसाठी एवढा खटाटोप करावा लागला. टाचणी तर अख्खी धातूची आहे.

टचपॅड वर आला असेल, झाकण नीट बसत नसेल, तर लॅपटॉप बंद करा आणि चार्जर काढा. झाकण दाबून बसवू नका. अंथरूण-पडद्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि बॅटरी जाणत्या माणसाकडून बदलून घ्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

फ्रीजरबद्दल अर्धं खरं एवढंच की उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. पण गेलेली क्षमता थंडीने परत येत नाही. बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी धरतं, आणि शून्याखालच्या तापमानात चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचून पुन्हा शॉर्टसर्किटचीच भीती.

ओव्हनमधून काढलेला बोर्ड कधीकधी थोडे दिवस चालतो, हे मान्य. पण बोर्डावरचे भाग जोडणारा शिसंविरहित सोल्डर वितळायला साधारण २१७ अंश सेल्सिअस लागतात. त्याच्या खाली काही पक्कं जुळत नाही आणि तेवढ्या तापमानात प्लॅस्टिकचे कनेक्टर टिकतीलच असं नाही. शिवाय ज्यात आपण खायचं करतो त्यात हा धूर कशाला? टूथपेस्ट वाळून भुगा होते, विषय संपला. चार्जरचं म्हणाल तर टाइप-सी लॅपटॉप आणि चार्जर किती व्होल्ट ते आपसात ठरवतात. जुन्या गोल पिनेत तशी सोय नाही. तिथे व्होल्ट आणि पिनेतली अधिक-उणे बाजू तंतोतंत जुळली पाहिजे, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात.

राहता राहिल्या कंपन्या. बॅटरी गोंदाने चिकटवायची, रॅम (तात्पुरती मेमरी) बोर्डावरच सोल्डर करायची, हे त्या करतात आणि त्याचा मलाही संताप आहे. रॅम किंवा एसएसडी (फायली साठवणारी ड्राइव्ह) सुटी असेल तर लॅपटॉप बंद करून, आतल्या बॅटरीचा कनेक्टर काढून ती जरूर स्वतः बदला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. ही मागणी सगळीकडे व्हायला हवी, आणि त्या मागणीसाठी फॉरवर्ड फिरला तर मीही पुढे पाठवीन.