किलोमीटरला वीतभर

"चढ नको, उतार नको, जिने तर अजिबात नकोत. सपाट जमिनीवर रोज पाऊण तास चाला," असं सांगून हाडांच्या डॉक्टरांनी फाइल मिटली. पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईनं सपाट जमीन आणायची कुठून, हे त्यांच्या फीमध्ये बसत नव्हतं.

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत आणि आमच्या भागात माणसाची लायकी त्या पायऱ्यांवर मोजतात. "मी रोज दोनदा करतो." "मी मध्ये थांबत नाही." ज्यांना पर्वती पुरत नाही ते तळजाईला जातात, त्याहून खमके वेताळ टेकडीला. "टेकडीला जाते" या वाक्यात रुबाब आहे. "मी सपाटीवर चालते" म्हटलं की समोरचा आवाज खाली आणून "काय झालं हो?" विचारतो आणि आपण उत्तर द्यायच्या आत स्वतःच्या मेहुणीचं गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्या टाक्यापासून सांगायला लागतो.

लेकीनं फोनवर पावलं मोजायचं ॲप घालून दिलं आणि निकाल दिला, "आई, नदी किंवा कॅनॉल. पाणी कधी चढत नाही."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून आधी नदीपात्रातला रस्ता धरला. म्हात्रे पुलापाशी उतरायचं, मुठेच्या कडेकडेनं भिडे पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. रस्ता खरोखर सपाट. फक्त श्वास रोखून चालावं लागतं, कारण मुठा वासावरून आधी कळते, दिसते नंतर. मी पदर नाकाला लावायचे. समोरून येणारे रुमाल लावून यायचे. ओळखीचे लोकही एकमेकांना डोळ्यांनीच नमस्कार करायचे.

आणि जोडपी. आपण त्यांच्याकडे बघत नाही हो! पण आपल्या वयाची बाई दिसली की आपोआप अर्धा फूट अंतर पडतं. एकदा डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळलेली एक मुलगी मला पाहून कठड्यावरून अशी उडाली की तिच्या हातातलं कणीस माझ्या पायाशी आलं. मी ओळखलंबिळखलं काही नव्हतं. पण त्या दिवसापासून आमच्या मजल्यावरची एक मुलगी माझी भाजीची पिशवी न सांगता वर आणून द्यायला लागली. मी अजून काही विचारलेलं नाही. पिशवी येतेय तोवर विचारणारही नाही.

जुलैत धरणातून पाणी सोडलं आणि सालाबादप्रमाणे भिडे पूल पाण्याखाली गेला. त्याच्यासोबत माझा रस्ताही. वरून छत्र्या घेऊन निम्मं पुणं बघायला आलं होतं. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं नव्हतं, म्हणून मी कॅनॉलकडे वळले.

कॅनॉलवर पहिल्याच दिवशी भेटले ते क्युसेककाका. खरं नाव मी आजवर विचारलेलं नाही, विचारायला मध्ये फट सापडायला हवी ना. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. डोक्यावर माकडटोपी, हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी कमी आणि दिशा दाखवायला जास्त. मी सहज म्हणून गेले, "इंग्रजांनी काय छान कॅनॉल खोदून ठेवलाय." काका जागच्या जागी थांबले.

"इंग्रजांचा तो जुना. हा नवा मुठा उजवा कालवा. खडकवासल्यापासून इंदापूरपर्यंत, २०२ किलोमीटर."

पंचेचाळीस मिनिटांतली वीस तिथेच गेली. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला अशी चार धरणांची साखळी, सगळी मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी. त्यातलं खडकवासला स्वतः दोनलाही थोडं कमी. "म्हणजे खडकवासला हा नुसता तांब्या आहे, हंडे मागे आहेत," काका म्हणाले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्यांच्या बोलण्यात इसवी सन फारसा येतच नाही. लग्न, नोकरी, वडिलांचं जाणं, सगळं पानशेतच्या आधी किंवा पानशेतच्या नंतर. अर्थात त्यांच्या वयाकडे पाहता सगळं नंतरच.

पण एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली की माझे गुडघे कान देऊन ऐकायला लागले. पाणी पंपाशिवाय लांब न्यायचं तर कालवा डोंगराच्या कुशीनं, एकाच उंचीची रेघ धरून काढतात. उतार किती? काकांनी काठी बगलेत धरली आणि अंगठा-करंगळी ताणून दाखवली. "किलोमीटरला वीतभर. जास्त दिला तर पाणी पळतं, काठ खातं. कमी दिला तर गाळ बसतो." म्हणजे सगळ्या टेकड्यांच्या पुण्यात मोजमाप घेऊन, लेव्हल लावून, मुद्दाम सपाट ठेवलेली एकच वाट होती आणि ती माझ्या घरामागून जात होती. दौंड-इंदापूरच्या उसासाठी का असेना.

"आज हजार क्युसेक चाललंय," ते पाण्याकडे नुसतं बघून म्हणाले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. चालता चालता मी तोंडी हिशेब केला. आमच्या सोसायटीची २० हजार लिटरची टाकी यात एका सेकंदाच्या आत भरून वाहायला लागली असती. तीच टाकी भरेल या आशेवर आम्ही सकाळी सहा ते साडेसात बादल्या लावून बसतो. त्यानंतर दोन दिवस मी कॅनॉलकडे रागानं बघत चालले.

वाट सपाट असली तरी तिच्यावर बाकी सगळं उभं-आडवं होतं. धुणं वाळत घातलेलं. झोपलेली रिक्षा. वासराला पाणी पाजणारा माणूस. जनता वसाहतीच्या बाजूचं एक तांबडं कुत्रं, ज्यानं मला एका ठरावीक खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पोचवायची जबाबदारी घेतली होती. तिथे हद्द संपली की पुढच्या कुत्र्याच्या ताब्यात. आणि खेकडे. सप्टेंबर २०१८ मध्ये ह्या कॅनॉलची भिंत फुटून दांडेकर पुलापाशी घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा त्याचं खापर उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर फुटलं होतं. काका खेकडा दिसला की अजून थांबून त्याच्याकडे बघतात. खेकडाही बघतो. दोघंही काही बोलत नाहीत.

दसरा झाला, घरोघर दिवाळीची झाडलोट सुरू झाली आणि माझा घात झाला.

एक पांढरी गाडी थांबली. काच खाली आली. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. "काकू, जरा एवढं पाण्यात सोडता? जाळी आहे ना, मला जमायचं नाही. गाडी चालू आहे." मी "अहो, इथे..." म्हणेपर्यंत पिशवी माझ्या हातात आणि गाडी वळणावर. आयुष्यभर "धरा हो जरा" म्हटलं की धरायची सवय, दुसरं काय!

पिशवी जड होती. घटाची माती, त्यावर पिवळट उगवलेलं धान, झेंडूच्या काळ्या पडलेल्या माळा, कुजका नारळ आणि लक्ष्मी-गणपती-सरस्वतीची काच तडकलेली तसबीर, खाली कुठल्याशा किराणा दुकानाच्या हार्दिक शुभेच्छांसकट. पिशवी घेऊन मी जाळीपाशी उभी, आणि मागून काठीचा आवाज.

"तुम्हीसुद्धा?"

ते "तुम्हीसुद्धा" मी जन्मात विसरणार नाही. तीन महिने ज्यांनी मला टीएमसी शिकवलं, त्यांनी माझ्याकडे खेकड्याकडे बघावं तसं बघितलं.

"काका, माझी नाही हो ही! एका गाडीवाल्यानं..."

"सगळे हेच म्हणतात. पंचवीस वर्षं ऐकलंय."

आता पिशवी पाण्यात टाकायची सोय नाही, काठावर ठेवायची सोय नाही, कारण काका तिथेच उभे. "निर्माल्य कलश कुठे असेल?" मी विचारलं. "म्हात्रे पुलापाशी होता. गणपतीत." काठीनं त्यांनी दिशाही दाखवली.

गेले. सपाटीवरून पिशवी घेऊन उतरले, रस्ता ओलांडला, पूल गाठला. कलश गणपतीबरोबरच गेला होता. एका फुलवाल्याला विचारलं तर त्यानं माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि "ताई, आम्ही विकतो," म्हणाला. माती आणि माळा बागेतल्या खतात जातील, नारळही पुरता येईल असा विचार करत मी सगळं लटांबर घेऊन घरी आले. लिफ्ट बंद होती. तीन मजले, दोन गुडघे आणि तीन देव.

सासूबाईंनी दार उघडलं. पिशवीतून तसबीर बाहेर काढली, पदरानं पुसली, तडा गेलेल्या काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आपणहून आलेत. आता परत पाठवायचे नाहीत."

आता तसबीर देव्हाऱ्याच्या शेजारी कपाटाला टेकून उभी असते. सासूबाई तिला रोज दोन फुलं वाहतात. शनिवारी साठलेलं निर्माल्य कागदात बांधून दारापाशी ठेवतात आणि हाक मारतात, "अगं, चालायला निघालीसच आहेस तर..."