मूल लंगडतंय, एक्स-रे नॉर्मल आहे: त्या मेसेजबद्दल खुलासा

'ताप आहे, मूल लंगडतंय, पण एक्स-रे नॉर्मल आला तर हाडाला काही नाही; तेलाने चोळा', असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. हाडातल्या जंतुसंसर्गाच्या खुणा एक्स-रेवर उमटायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. म्हणून तर डॉक्टर सीआरपी (शरीरात सूज किंवा संसर्ग आहे का, हे दाखवणारी रक्ताची तपासणी), ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का, हे पाहणारी तपासणी), खुब्याची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एमआरआय सांगतात. सांध्यात पू असल्याची शंका असेल तर सुईने पाणी काढून तपासावंच लागतं. तान्ह्या बाळाला कधीकधी तापही नसतो. लंगोट बदलताना ते रडतं, एक पाय हलवत नाही, एवढंच. (हे बहुतेकदा आजीच्याच आधी लक्षात येतं!) खुब्यात पू राहिला तर काही दिवसांतच सांधा कायमचा बिघडू शकतो. चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.