पाचवा खांब

परवा सकाळी सात वाजता फाटकाशी एक काकी आल्या. हातात घमेलं. मी ब्रश तोंडात धरून बाहेर आलो.

"भाऊ, वायच शेण मेळात काय? खळां सारवूचां आसा."

मी तोंडातला फेस थुंकून म्हणालो, "काकी, आमच्याकडे गुरं नाहीत."

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे माझी नवी लाकडी शेड. त्यांनी मान वाकवून आत डोकावून बघितलं. आत गाडी. त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता खोटं बोलणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

"मगे गोठो कित्याक बांधलास?"

उत्तर नव्हतं. अजून नाही. शेणाचं म्हणाल तर वाडीत आता गाय एकच, शेजारच्या तात्यांची, आणि तिचं शेण त्यांच्याच खळ्याला, म्हणजे अंगणाला, पुरत नाही. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, अख्ख्या वाडीची खळी चोपून सारवायची, त्यामुळे दिवाळीनंतर आमच्याकडे शेणाला जो भाव येतो तो सोन्याला येत नसेल. काकी रिकामं घमेलं घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "गोठो मात्र बरो झालो."

आता मुळातलं सांगतो, पण भराभर, कारण त्यात काही राम नाही. डोंबिवली सोडून गावी कुडाळकडे राहायला आलो. गाडी अंगणात माडाखाली लावली. माडाने नारळ टाकला, बॉनेटला वाडगा पडला. बायको म्हणाली, लोखंडी शेड टाकू, फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत उभी करून जातो. मी म्हणालो, लाकडी. का म्हणालो? माळ्यावर जुने ऐनाचे खांब पडून होते म्हणून. वडिलांनी 1998 साली गोठा मोडला तेव्हा रचून ठेवलेले. आठवण, परंपरा, चुलत्यांच्या गप्पा, असलं सगळं एकाच वेळी माझ्या डोक्यात गेलं. लोखंडी शेडच्या बाजूने बोलणारी बायको आता काही बोलत नाही. नुसती बघते. ते जास्त वाईट.

शिवाय नवं ऐन तोडायचं तर 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस सगळे बसलेले, आपल्या परड्यातलं झाड असलं तरी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. झाडाच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. म्हणून खांब जुने आणि वासे तेवढे वखारीतून विकत, असं ठरलं. वखारीत लाकूड घनफुटावर जातं. चार इंच बाय चार इंचाचा नऊ फुटी खांब म्हणजे बरोबर एक घनफूट, दोन बाय तीनचा बारा फुटी वासा म्हणजे अर्धा. हा हिशोब मी आता झोपेतही करतो. वखारवाला मात्र तो करता करता मध्येच "अधिक कापणी" असं काहीतरी पुटपुटतो आणि आकडा दीडपट होतो.

सुताराचं काय सांगू. माणूस गुणी, हात सोन्याचा, फक्त तो हात आपल्या लाकडाला लागत नाही. आषाढात विचारलं तर त्याची गणपतीची शाळा सुरू. आमच्याकडे निम्मे सुतार पावसाळ्यात मूर्तिकार होतात. "चवथ जावंदे, मगे येतंय." चवथ गेली. मग दसरा. दसरा झाला तर म्हणे आता जत्रांचे, दहिकाल्याचे दिवस येतील, दशावताराच्या नाटकाची तालीम आहे. हा स्वतः त्यातला काळ्या तोंडाचा राक्षस, संकासूर करतो. एकदा तर वैतागून मी त्याला म्हणालो, येताना तोंड काळं रंगवूनच ये, पण ये. तो हसला आणि आणखी चार दिवस आला नाही.

आला तेव्हा मात्र एकटा आला नाही. त्याच्याबरोबर तात्या आले.

तात्यांना कोणी बोलावलं नव्हतं. वय ऐंशीच्या पुढे, कमरेला पंचा, डोक्याला टॉवेल. गडगा ओलांडून आले ते प्लास्टिकची खुर्ची घेऊनच. स्वतःची. म्हणजे मुक्काम लांबचा आहे हे मी तिथेच ओळखायला हवं होतं. सुताराने पहिला खांब उभा केला, वरून ओळंबा सोडला, एक डोळा मिटून बघितलं, "झाला" म्हणाला. तात्यांनी खुर्चीतून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, निकाल दिला.

"वाकडो आसा."

"तात्यानू, ओळंबो लावलाय."

"ओळंब्याक काय कळता? तो दोरयेक बांधलेलो. माझे डोळे मोकळे आसत."

सुताराने पुन्हा ओळंबा लावला. खांब सरळच होता. पण त्याने तो तात्यांकडे एक सूतभर कलवला, नुसता मान राखायला. आता तो खांब खरंच वाकडा आहे आणि तात्या त्याच्याकडे बोट दाखवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, ह्यो बघा, ह्यो एकच सरळ आसा.

दुसऱ्या दिवशी मापांचा वाद. माझ्या हातात गाडीचं पुस्तक. वॅगनआर, लांबी 3655 मिलिमीटर, रुंदी 1620. कंपनीवाले ही रुंदी आरसे सोडून देतात, हे मला नंतर कळलं. मी सुताराला म्हणालो, आतून मोकळे नऊ फूट ठेव. सुतार जुन्या तुळईला हात लावून म्हणाला, ही आठ फुटी. दोन्हीकडची खांबाची जाडी, खाच, कुसू जाता आत सात.

"मग नवी तुळई आण."

तेव्हा तात्या उठले. आख्ख्या आठवड्यात ते उठले असे दोनदा, त्यातली ही पहिली वेळ. गोठ्याच्या जुन्या जागेत मधोमध उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"झिला, तुझ्या बापाशीन हय सात फूटच ठेवलेले. हय हरणी बांधायची. थय कपली. मधी शेण ओढूक वाट. दोन गुरां आरामात रवायची, बसायची, उठायची, रवंथ करायची. तुझी गाडी काय रवंथ करतली?"

"नाही, पण—"

"ती बसता?"

"नाही."

"पाड्याक जन्म देता?"

सुतार तोंडात खिळे धरून हसत होता, हे मी बघितलं. मी मिलिमीटर मध्ये आणले. सात फूट म्हणजे 2134, त्यातून 1620 गेले की 514 उरतात, म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दहा दहा इंच, असं मी कागदावर काढून दाखवलं. तात्यांनी कागद घेतला, उलटा धरला, चष्मा नाही म्हणाले, आणि त्यात तंबाखू मळायला घेतली. तुळई आठ फुटीच राहिली. नवी तुळई म्हणजे पुन्हा वखार, पुन्हा घनफूट, पुन्हा "अधिक कापणी". मी दमलो होतो. माणूस हरतो तो असा, वाद करून नव्हे, दमून.

दुसऱ्यांदा ते उठले ते पाचव्या खांबासाठी. चार खांब उभे राहिले होते, सगळं छान दिसत होतं. तात्या उठून पश्चिमेकडे गेले आणि समुद्राच्या दिशेने तोंड करून उभे राहिले. इथून समुद्र दिसत नाही, मध्ये डोंगर आहे.

"पाऊस खयसून येता?"

"तिकडून."

"मगे? सगळो मार ह्या बाजूक. मधी खांब होयो."

यात तथ्य आहे असं सुतारही म्हणाला. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर नैऋत्येचा वारा, मध्ये चौदा फुटांचा गाळा. पटलं. पश्चिमेच्या बाजूला बरोबर मध्यावर पाचवा खांब आला. बुडाला वाळवी लागू नये म्हणून त्याला काजूच्या टरफलांचं तेल मीच लावलं, उत्साहाने, उघड्या हाताने. रात्री तळव्याला फोड आले. तात्या सकाळी म्हणाले, "हातात पिशयी घालूची असता." हे आदल्या दिवशी खुर्चीत बसून बघत होते तेव्हा का नाही सांगितलं, असं मी विचारलं. "तू खय इचारलंस?"

छपराला कौलं घालायची होती. 1865 साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून आमच्या किनारपट्टीवर तीच तांबडी कौलं. आता ती घालायची सोय राहिलेली नाही, कारण माकडं. टोळी येते, छपरावर धावते, पन्नास कौलं फुटतात. मग घरातल्या कोणीतरी वर चढायचं, पाय घसरून पडायचं. परड्यातली केळी, पपई, भेंडी, सगळं त्यांचं. नारळसुद्धा कोवळे असतानाच उचकटून खाली टाकतात, आणि त्यातलाच एक माझ्या बॉनेटवर पडला नसेल कशावरून? लोकांनी भाजी लावणं सोडलं. तक्रार करावी तर अर्ज घेतात, शिक्का मारतात. यावर हसून लिहावं असं ठरवलं होतं, पण जमत नाही. शेवटी पत्रा घातला. निळा. ऐनाच्या खांबांवर निळा पत्रा म्हणजे सोवळ्यावर टी-शर्ट.

आणि मग पहिल्यांदा गाडी आत घातली.

नाक दक्षिणेकडे, म्हणजे ड्रायव्हरची बाजू पश्चिमेला. दार उघडलं. जेमतेम दहा इंच उघडलं आणि "ठक". पाचवा खांब. बरोबर दाराच्या कडेला. पुढे घ्यावी तर समोर चिऱ्यांचा गडगा. मागे घ्यावी तर डिकी नारळाखाली. उलटी लावावी तर अंगणात वळायला जागा नाही, मध्ये तुळस. डावीकडे सरकवावी तर तिकडच्या खांबाला आरसा लागतो. मी बराच वेळ आत बसून राहिलो. मग गिअर ओलांडून, हँडब्रेकवरून, एक पाय स्टिअरिंगमध्ये अडकवून, डाव्या दाराने बाहेर पडलो. बाहेर खुर्ची होती. खुर्चीत तात्या होते.

"हरणी पण असाच करायची," ते म्हणाले. "शिरताना सरळ, भायर येताना वाकडी."

आठवडाभर रोज असाच उतरतो आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे करू नये, गुडघ्याला कळतं. विजार दोनदा फाटली. सुताराला फोन केला की तो खांब काढ, वर तिरपा टेकू दे. म्हणाला, येतंय. दशावतार संपला की.

काल संध्याकाळी कुडाळहून आलो, गाडी आत घातली, तेवढ्यात विमा कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. नारळाचा दावा पाच महिने लटकलेला, म्हणून उतरलो नाही, तसाच बसून बोलत राहिलो. पलीकडची मुलगी विचारत होती, "सर, नारळ कोणत्या दिशेने पडला?" मी म्हणालो, वरून. "वरून म्हणजे नक्की?" माझा आवाज चढला. काचा बंद, अंधार पडलेला, दहा मिनिटं त्यात गेली. तिने "सर, मी नोट करून घेतलंय" म्हणून फोन ठेवला आणि मी सवयीप्रमाणे गिअरवरून पाय टाकून डावं दार ढकललं.

दार उघडेना. बाहेरून काहीतरी मऊ, गरम, जड टेकलं होतं. फोनचा उजेड काचेवर धरला. काचेपलीकडे एक मोठा डोळा. शांत. खाली जबडा गोल गोल फिरत होता.

तात्यांचं खळं कालच सारवलं होतं, त्यामुळे दोन दिवस गाय तिकडे बांधायची सोय नव्हती. डाव्या पुढच्या खांबाला दावं अडकवून, बाजूला पेंढ्याची कवळी टाकून, तात्या खुर्चीत बसले होते.

उजवीकडे पाचवा खांब, डावीकडे गाय. मी हॉर्नवर हात ठेवला.

तात्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं.

"भोंगो वाजवू नको रे," ते हळू आवाजात म्हणाले. "गाभण आसा ती."